वृद्धाश्रमात आजी-आजोबांचं पडणं टाळायला पहिला पैसा कुठे घालायचा

ताई, सुरुवात संडास-न्हाणीपासून करा. कमोडशेजारी स्टीलचा दांडा लावा, बसल्या जागी हात पोचेल असा. टॉवेलचा दांडा चालत नाही, अंगाचा भार पडला की उखडतो. मातीच्या भिंतीत स्क्रू सुटतात, तिथं जमिनीत सिमेंटनं खांब रोवा. वाटेवर ५ वॅटचा बल्ब रोज १० तास लावला तरी महिन्याला दीडच युनिट. वीज जातेच, म्हणून चार्जिंगचा घ्या.

नेहमीच्या चुका:
- महागडे पलंग आधी, झिजलेल्या चपला तशाच.
- झोपेच्या, बीपीच्या गोळ्यांनी तोल जाऊ शकतो, तरी त्या डॉक्टरांना न दाखवणं.
- खुबा मोडल्यावर फक्त ऑपरेशन नि नागपूरचं गाडीभाडं मोजणं. महिनोन्‌महिने एक माणूस त्या आजींपाशीच अडकतो, तो पगारही वहीत धरा.