‘बाळ तयार आहे, फक्त हो म्हणा’

अमेरिकेतल्या एडिसनहून (न्यू जर्सी) एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून मीच आटोपशीर करून देते.

“आम्ही दोघंही आता अमेरिकन नागरिक, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड आहे. मी ४०, हे ४२. दत्तकासाठी रीतसर नाव नोंदवून वीस महिने झाले, अजून एकही मूल सुचवलेलं नाही. सासूबाई नाशिकला गंगापूर रोडला असतात. त्यांच्या भिशीतल्या एका बाईंच्या ओळखीत एक मुलगी आहे. लग्न झालेलं नाही, सातवा महिना लागलाय, घरच्यांना बाळ नकोय. त्या बाई म्हणतात, नऊ लाखांत सगळं होईल: दवाखाना, वकील, वर संस्थेला थोडी देणगी. वकील रजिस्टर दत्तकपत्र करून देतील. आणि हवं असेल तर जन्मदाखल्यावर थेट आमचीच नावं लागतील. आईंनी एकावन्न हजार देऊनही टाकलेत. हे म्हणतात, ‘भारतात सगळं असंच चालतं.’ मला मात्र रात्रभर झोप नाही. काय करू?”

ताई, झोप उडाली हे चांगलं झालं. घरात एकाची तरी उडायलाच हवी होती.

नऊ लाखांचं नंतर बघू. आधी तो जन्मदाखला. ज्या दिवशी तुम्ही एडिसनमध्ये ऑफिसात होतात, त्या दिवशी तुम्ही नाशिकच्या दवाखान्यात बाळंत झालात, असं सरकारदरबारी लिहायचं. तुमच्या पासपोर्टवर येण्याजाण्याचे शिक्के आहेत, कंपनीत हजेरी आहे. व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याला शंका आली की तो डीएनए चाचणी मागतो, आणि तिथे सगळा डाव उघडा पडतो. पण समजा नाही पडला. मग त्या बाळाला जन्म देणारी मुलगी कागदावर कधी नव्हतीच, असं होतं. ती कोण, कुठली, तिने बाळ आपखुशीने दिलं की कुणी काढून घेतलं, याचा एक धागाही उरत नाही. या सौद्यातली मला सगळ्यात भयंकर वाटणारी गोष्ट ही आहे. पैसे त्यानंतर.

दत्तकपत्र हा जरा सभ्य कपड्यातला सापळा. १९५६चा हिंदू दत्तक कायदा आहे, त्यात घरच्या घरी दत्तक देता-घेता येतं, दत्तहोम केला नाही तरी चालतो, मूल प्रत्यक्ष ओटीत दिलं-घेतलं की झालं. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दत्तकपत्राला कोर्टातही वजन असतं. त्यामुळे वकील तुम्हाला खोटं सांगत नाहीत, अर्धं सांगताहेत. त्याच कायद्याचं कलम १७ म्हणतं की दत्तकाच्या बदल्यात पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. बाल न्याय कायद्याचं कलम ८१ त्याहून कडक: मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड. दवाखान्यातलं माणूस सामील असेल तर किमान तीन, जास्तीत जास्त सात वर्षं. ‘देणगी’ म्हटल्याने कलम बदलत नाही. आणि १९५६च्या कायद्याने घेतलेल्या मुलाला परदेशी न्यायचं असेल तर दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं, म्हणजे ‘कारा’चं, ना हरकत प्रमाणपत्र लागतंच. ते वकील काढून देणार आहेत का, विचारा. गप्प बसतील.

आता तुमच्या बाजूचं. भारत आणि अमेरिका, दोघेही १९९३च्या हेग दत्तक करारात, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत. भारताने तो २००३मध्ये मान्य केला, अमेरिकेत २००८पासून लागू आहे. त्यात सगळा खेळ क्रमाचा आहे. आधी अमेरिकन इमिग्रेशनचा आय-८००ए अर्ज, म्हणजे तुम्ही पालक म्हणून योग्य आहात याची मंजुरी. मग कारा मूल सुचवणार. मग त्या विशिष्ट मुलासाठी आय-८००, त्याची तात्पुरती मंजुरी. त्यानंतर ना हरकत, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, दत्तक करारानुसारच झालं असं सांगणारं हेगच्या कलम २३चं प्रमाणपत्र आणि शेवटी व्हिसा. आधी दत्तक घेऊन टाकलं आणि मग अर्ज केला, तर अर्ज तिथेच अडतो. मूल कायद्याने तुमचं, आजीच्या मांडीवर नाशिकला, आणि तुम्ही दर सहा महिन्यांनी विमानाची तिकिटं काढताय. अशी घरं मी पाहिली आहेत.

याच कराराचं कलम २९ सांगतं की नात्यातलं दत्तक सोडलं, तर ठरावीक टप्पे पूर्ण होईपर्यंत होऊ घातलेल्या पालकांनी मुलाच्या जन्मदात्यांशी संपर्क करायचा नाही. सासूबाई त्या मुलीला भेटून साडी-खाऊ देऊन आल्या असतील, तर प्रेमाने केलं असेल, पण आता थांबवा.

(एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या वाचकांसाठी: आय-८००चा अर्ज फक्त अमेरिकन नागरिकाला करता येतो. तुमचा रस्ता वेगळा आणि जास्त खडबडीत आहे. नोंदणीच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, नोंदणीनंतर नाही.)

तुमच्या मिस्टरांच्या ‘असंच चालतं’बद्दल. चालायचं, खरं आहे. म्हणूनच तर हे सगळे कागद जन्माला आले. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि १९८४मध्ये न्यायालयाने परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले. तरी नंतर हैदराबादकडे बाळं विकल्याची प्रकरणं उघड झाली, आपल्या पुण्यातल्या एका संस्थेचं प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. तेव्हा कोणतं मूल कोणत्या पालकांना दाखवायचं, हे संस्थाचालकाच्या हातात असे. ज्याच्या हातात निवड, त्याच्या हातात दर. पुढे ही रांग संगणकावर, काराच्या कॅरिंग्ज पोर्टलवर गेली आणि तो हात बराचसा कापला गेला. भ्रष्टाचार संपला असं मी म्हणणार नाही. तो रांगेच्या बाहेर सरकला. आता तो मूल यादीत येण्याच्या आधी गाठतो: प्रसूतिगृहाच्या दारात, आयाबाईंच्या ओळखीत, भिशीत. तुमच्यापर्यंत आला तो याच वाटेने.

मी पंधराएक वर्षं नाशिक जिल्ह्यात दत्तक पालकांच्या घरी जाऊन अहवाल लिहायचं काम केलं. निवृत्तीच्या सुमारास युरोपातून एक तिशीतली मुलगी माझ्याकडे आली. लहानपणी भारतातून गेलेली, आडनाव तिकडचं, डोळे इथले. हातात तिच्या फायलीच्या झेरॉक्स. दुसऱ्या जिल्ह्यातली संस्था, केव्हाच बंद पडलेली. फायलीत तिच्याबद्दल एकच वाक्य: ‘देऊळाच्या पायरीवर बेवारस मिळाली.’ तिने तिकडे तिच्यासारखी आणखी दोघं शोधली होती, त्याच संस्थेतून गेलेली. त्यांचेही कागद तिने आणले होते. तिघांच्या फायलीत तेच वाक्य, तेच अक्षर, आणि ‘देवळाच्या’ऐवजी तोच ‘देऊळाच्या’. ती मला विचारत होती, “याचा अर्थ काय होतो?” तिला मराठी येत नव्हतं, चूक व्याकरणाची आहे हे तिला कळणार नव्हतं. मी तिला रामकुंडावर घेऊन गेले, बसलो, चहा प्यायलो. सांगितलं काहीच नाही. सांगायला हवं होतं, असं अजून वाटतं.

आमच्या जिल्ह्याला दत्तकाचं नवल नाही. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५मध्ये बाराव्या वर्षी बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. राज्य मिळालं म्हणून कवळाणं पुसलं नाही कुणी. तुमच्या बाळाला राज्य नको असेल, पण त्याचं कवळाणं त्याला सापडायला हवं ना?

म्हणून सरळ रस्त्यावर एवढे थांबे आहेत. मूल नको असलेल्या आईने ते बाल कल्याण समितीसमोर, सही करून द्यायचं. त्यानंतर तिला दोन महिने, मन बदललं तर परत न्यायला. मूल टाकलेलं सापडलं तर घरच्यांचा शोध घ्यायचा, दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने, मोठ्यासाठी चार. मगच समिती ते दत्तकासाठी कायद्याने मोकळं ठरवते. पूर्वी आदेश कोर्ट द्यायचं, सप्टेंबर २०२२पासून जिल्हाधिकारी देतात. शुल्क किती, ते २०२२च्या दत्तक नियमावलीत छापलेलं आहे आणि पावती मिळते. ज्या पैशाची पावती नाही, तो पैसा दत्तकाचा नाही, एवढं सासूबाईंना समजावून सांगा.

आता तुमच्या वीस महिन्यांकडे येते. इथे गोड बोलून उपयोग नाही.

भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्यांना इथल्या जोडप्यांच्या बरोबरीचा मान आहे. तुमचं तसं नाही. तुम्ही नागरिकत्व बदललंत, त्यामुळे तुमचा नंबर त्यांच्यानंतर. रांगेत पालक खूप, कायद्याने मोकळी झालेली मुलं फार कमी. तान्हं, निरोगी बाळ तुमच्यापर्यंत क्वचितच पोचणार. पोचतात ती थोडी मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या, आणि ज्यांना काही आजार किंवा अपंगत्व आहे अशी मुलं. हे तुमची नोंदणी करणाऱ्या दत्तक एजन्सीने तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नसेल, तर त्यांनी हातचं राखलं.

वर जगभर हवा बदलते आहे. चीनने २०२४मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ बंद केलं, डेन्मार्कच्या एकमेव एजन्सीने त्याच वर्षी काम थांबवलं, नेदरलँड्सने टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५मध्ये मान्य केलं की जुन्या फायलींत खोटी माहिती भरून मुलं बाहेर पाठवली गेली. शेजारी नेपाळमध्ये तर २०१०मध्ये अमेरिकेनेच ‘बेवारस’ म्हणून दाखवलेल्या मुलांची प्रकरणं थांबवली, कारण कागदांवर विश्वास ठेवता येईना. मूल ठरलेली, फोटो फ्रिजवर लावलेली कुटुंबं मध्येच लटकली. भारताचं दार उघडं आहे. पण तुमची फाईल आता तिकडचा अधिकारी भिंग लावून वाचतो, आणि त्याने वाचावीच.

तेव्हा तुम्ही कुणालाही ‘कधी?’ विचारलंत तर प्रामाणिक माणूस तारीख देऊ शकणार नाही. तारीख देतो तो मध्यस्थ.

मला विचाराल तर चार ते आठ वयाच्या मुलाचा विचार करा. ‘मोठं मूल रुळत नाही’ हे आपल्याकडचं पालुपद आहे, आणि अवघड असतं हेही खरं; पहिलं वर्ष रडण्यात, लपवून ठेवलेल्या बिस्किटांत, रात्री दिवा चालू ठेवण्यात जातं. पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी मराठी न येणाऱ्या कुठल्याच जोडप्याकडे नाही. महाराष्ट्रातल्या संस्थेत वाढलेलं पाच वर्षांचं मूल एडिसनमध्ये पहिल्या रात्री जागं होऊन “पाणी दे” म्हणालं, तर घरात कुणाला तरी कळेल. त्याला वरण-भात ओळखीचा वाटेल. मूल सुचवलं गेलं की त्याचा वैद्यकीय अहवाल तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा, तसा हक्क आहे. आणि घरी आल्यावर दोन वर्षं एजन्सीचे लोक येऊन अहवाल लिहितील, त्याला चौकशी समजू नका.

याच आठवड्यात फ्रँकफर्टहून एका दादांनी विचारलंय की चुलत भावाचा मुलगा शिक्षणासाठी ‘कागदोपत्री दत्तक’ घेता येईल का. दादा, नाही. नात्यातलं दत्तक म्हणजे काका-मामा, आत्या-मावशी, आजी-आजोबा, एवढंच कायद्यात बसतं. चुलत भावाचं मूल त्यात येत नाही. मूल पाच वर्षांपुढचं असेल तर त्याचीही संमती लागते. आणि जर्मनीत २०२१पासून खासगीरीत्या परस्पर घेतलेलं परदेशी दत्तक चालत नाही. भाच्या-पुतण्यांना शिकवायचं तर फी भरा, विद्यार्थी व्हिसा आहे.

आता ताई, तुमचे एकावन्न हजार. ते गेले असं समजा आणि वर एक रुपया देऊ नका. आईंच्या फोनमधले मेसेज, व्हॉइस नोट, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील, काही पुसू नका. भिशीत भांडण काढू नका. आईंना त्या गल्लीत राहायचंय. नाशिकमधल्या स्वतंत्र वकिलाला, म्हणजे त्या बाईंनी सुचवलेल्या नव्हे, सगळं दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा. आईंनी स्वतःहून, वेळेवर सांगितलं, याला किंमत असते.

आणि ती मुलगी. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल दीड ओळ आहे, माझ्या उत्तरातही तेवढंच होत होतं. सातवा महिना, लग्न झालेलं नाही, घरचे म्हणतात तेच तिचं म्हणणं असेल असं नाही. वय अठराच्या आत असेल तर गोष्ट आणखी वेगळी आणि तातडीची. तुम्ही बाजूला झालात तर तिच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक शोधलं जाईल, पुढच्या आठवड्यातच. आईंना तिचं गाव माहीत आहे ना? तर आजच १०९८, म्हणजे मुलांसाठीची मदतवाहिनी, फिरवायला सांगा. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, पण गाव आणि महिना सांगा. बाळ ठेवायचं की समितीपुढे द्यायचं, हे तिला कुणीतरी पैशांची गोष्ट न काढता एकदा विचारायला हवं, आणि त्याला अजून दोन महिने आहेत.