१९४८ची पाकिस्तानची नोट तपासणीत अडकली असेल तर

लंडनहून मागवलेली पाकिस्तानची १९४८ची दहाची नोट तपासणीत अडकलीय, 'हे परकीय चलन आहे का' म्हणून विचारतायत, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळा आला. मी यातून गेलोय. मी वकील नाही, नियमही बदलत असतात, तेव्हा कायद्याचं जाणकाराकडून पक्कं करून घ्या.

किमतीचा वाद नंतर घाला. आधी लेखी अर्ज द्या, की पाकीट तुमच्यासमोर उघडावं आणि नोटेला टाचणी, स्टेपल, शिक्का काहीही लागू नये. अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नका. माझं पाकीट ज्या कचेरीत गेलं (नाव लिहीत नाही) तिथे नोट कव्हरमधून बाहेर काढून सरळ कागदाला स्टेपल केली. पिन नेमकी वॉटरमार्कच्या पांढऱ्या जागेत, उर्दू अक्षरांच्या वर. फाईल अख्खा पावसाळा रॅकवर पडून. नोट हातात आली तेव्हा दोन भोकं आणि भोवती गंजाचा तांबूस डाग. 'फाटली तर नाही ना, चालेल की,' म्हणाले. ही नोट आता कुठेच चालत नाही, ती जपायची असते, हे सांगून सांगून घसा कोरडा पडला. अजून राग जात नाही.

कारण ही नोट आपल्या नाशिकरोडला छापलेली आहे. फाळणीनंतर पाकिस्तानची स्वतःची व्यवस्था उभी राहीपर्यंत, १ एप्रिल १९४८पासून, रिझर्व्ह बँकेनेच त्यांच्यासाठी नोटा काढल्या. राजा सहाव्या जॉर्जचं चित्र तेच, दहाच्या नोटेवर सही आपल्या सी. डी. देशमुखांची (तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर), फक्त दर्शनी बाजूला वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान'. १ जुलैला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली, १ ऑक्टोबरला त्यांच्या नव्या नोटा आल्या. अर्जाला नोटांच्या कॅटलॉगमधल्या या नोटेच्या पानाची झेरॉक्स आणि खरेदीची पावती जोडा, आणि ही चलनातून गेलेली संग्रहाची नोट आहे हे पहिल्याच ओळीत लिहा.

नोट खरी का, हेही तुम्ही विचारलंय. फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. पण बरेच जण पाकिस्तानच्या नावाच्या त्या अक्षरांना 'ओव्हरप्रिंट', म्हणजे तयार नोटेवर नंतर छापलेली, म्हणतात आणि तिथेच फसतात. ती अक्षरं नंतर मारलेली नाहीत, छपाईच्या प्लेटवरच कोरलेली होती. त्यामुळे घडीच्या रेषेवर भिंग धरा. खऱ्या नोटेत घडीवर कागदाबरोबर अक्षराची शाईही झिजलेली दिसते. शाई मळावर बसलेली किंवा घडीच्या भेगेत उतरलेली असेल, तर जुन्या भारतीय नोटेवर कुणीतरी शिक्का मारलाय.

माझं मत विचाराल तर यापुढे बाहेरून मागवूच नका. भारतातल्या लिलावात चार पैसे जास्त जातात, पण नोट आधी हातात घेऊन बघता येते. यातल्या शंभराच्या नोटेच्या मागे तर सुरुवातीला अजिबात लागू नका. आणि पीव्हीसीची स्वस्त कव्हरं वापरू नका, कालांतराने ती चिकट होतात, पॉलिस्टरची घ्या. लॅमिनेशन तर कधीच नाही.

नोट सुटली की काउंटरवरच दोन्ही बाजूंचे फोटो काढा, नवं भोक किंवा डाग दिसला तर तिथेच पावतीवर लिहून घ्या आणि मगच सही करा. एकदा बाहेर पडलात की कुणी ऐकून घेत नाही.