आबांसाठी टाळ्या का नाही वाजवल्या

चिनू,

शनिवारी फुटबॉलच्या मॅचहून येताना बसमध्ये तू विचारलंस, "गॅफरसाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबा गेले तेव्हा कोल्हापुरात कुणीच का नाही वाजवल्या? ते लोकांना आवडत नव्हते का?" मी म्हटलं घरी गेल्यावर सांगते, आणि घरी आल्यावर भाजी चिरत बसले. प्रश्न मला लागला. यात तुझी काही चूक नाही. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, तुला त्या घरातली शांतता तेवढी आठवत असणार.

आवडत होते गं. फार आवडत होते.

आधी टाळ्यांचं सांगते, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. आपल्या पबचा मालक गॅफर ७१ वर्षांचा होता, म्हणून ७१व्या मिनिटाला टाळ्या. यात नेहमी होणारा घोळ शनिवारीही झाला. एकाहत्तरावं मिनिट घड्याळात ७०:०० ला सुरू होतं आणि ७१:०० ला संपतं, पण निम्मे लोक ७१:०० दिसायची वाट बघत बसतात. म्हणून स्मेथविक एन्ड या स्टँडकडून टाळ्या आधी आल्या आणि आपल्या बाजूनं उशिरा. नेमका तेव्हा कॉर्नर मिळाला असता तर सगळं त्या ओरड्यात वाहून गेलं असतं. अशा टाळ्यांसाठी आठवडाभर आधी पबमधून, फोनवरून निरोप फिरतो आणि प्रत्येक स्टँडमध्ये सुरुवात करणारी चार-पाच माणसं पक्की केलेली असतात. चार-पाच का, तर एकट्या माणसाची टाळी दहा सेकंदांत विरते.

आणि ही पद्धत इथे इंग्लंडातही फार जुनी नाही. आधी शांतताच पाळायचे. २००५ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडचा जुना खेळाडू जॉर्ज बेस्ट गेला, त्या सुमाराला टाळ्या रुजायला लागल्या. बेस्टचा पहिला सामना १९६३ साली आपल्याच वेस्ट ब्रॉमिच अल्बियनविरुद्ध झाला होता, आणि तो गेल्यावर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरची पहिली मॅचही अल्बियनशीच होती. त्या रात्री तिथे हजारो लोक त्याचे फोटो वर धरून गप्प उभे होते. तेव्हा गप्प राहणं म्हणजे प्रेम नसणं, असं इथेही कुणी म्हणत नाही.

आता गॅफर. ब्लॅक कंट्रीत, म्हणजे आपल्या या भागात, पबच्या मालकालाही गॅफर म्हणतात आणि टीमच्या मॅनेजरलाही. आपल्या पेठेत 'वस्ताद' म्हणतात ना, साधारण तसं. विद्यार्थी असताना तीन वर्षं मी शनिवारी त्याच्या बारमागे उभी राहिले, म्हणून त्याचं काम मला आतून माहीत आहे. लोकांना तो आठवतो बारच्या पुढचा: बेल वाजवणारा, चीज-कांद्याचे कॉब (भरलेले पाव) वाटणारा, १९६८ च्या एफए कपच्या फोटोकडे बोट दाखवून अल्बियनच्या जेफ ॲस्टलचा एक्स्ट्रा टाइममधला गोल पुन्हा पुन्हा सांगणारा. माझ्यासाठी तो तळघरातला माणूस आहे.

शनिवारी तीनच्या मॅचची त्याची तयारी गुरुवारी सुरू व्हायची. फर्किन म्हणजे नऊ गॅलनचं पिंप, हिशेबानं ७२ पाइंट, पण तळाशी गाळ असतो म्हणून हाती त्याहून कमी येतात. पिंप आडवं ठेवून पाचरी मारायच्या, हलता कामा नये. आतली बिअर जिवंत असते, यीस्ट अजून काम करत असतं. वरच्या भोकात आधी मऊ लाकडाची खुंटी ठोकायची, तिच्यातून वायू आणि फेस बाहेर येतो. खुंटी फेसानं बुजली की बदलायची. फेस थंडावला की कडक खुंटी. मग शुक्रवारी सकाळी तोटी, मोगरीच्या एकाच ठाम घावात. घाबरत घाबरत दोन-तीन टोले मारले की बिअर छतापर्यंत उडते. त्यानंतर एक दिवस कुणी पिंपाला हात लावायचा नाही, गाळ बसू द्यायचा. तळघर ११ ते १३ अंश. जास्त गार झालं तर बिअर गढूळ दिसते, गरम झालं तर ग्लासभर फेसच येतो. विकताना कडक खुंटी काढायची विसरलं तर आत हवा जात नाही आणि धार मरते; रात्री परत लावायची विसरलं तर सकाळपर्यंत बिअर मिळमिळीत. उघडलेलं पिंप तीन दिवसांत संपवायचं, नाहीतर आंबट वास येतो. चौथ्या दिवशीची बिअर त्यानं कधी विकली नाही, ओतून दिली. मोठ्या मॅचच्या दिवशी ओतायला काही उरायचंच नाही.

हे मी इतकं का सांगतेय? कारण आबांचं चहाचं हॉटेल असंच चालायचं. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की पहाटेच जास्तीचं दूध यायचं, पातेली वेगळी निघायची. दूध ओतण्याआधी पातेलं पाण्यानं विसळून ओलंच ठेवायचं, कोरड्या पातेल्यात दूध तळाला लागतं. आलं दूध घालण्याआधी पाण्यात नीट उकळून घ्यायचं, कच्चं राहिलं तर दूध नासतं. शाहू स्टेडियमवरून हलगीचा आवाज जवळ येऊ लागला की आबा गॅस मोठा करायचे. जिंकून येणाऱ्यांचा आवाज लांबून ओळखू येतो. हरलेले गप्प येतात, आणि त्यांना पहिला चहा बिनपैशाचा असायचा. गॅफर अल्बियन हरल्यावर हेच करायचा, कॉब फुकट. दोघांना एकमेकांचं नाव माहीत नव्हतं.

पेठेत माणूस गेला की त्याचं नाव तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहितात. त्याच फळ्यावर मॅचची वेळही लिहिलेली असते. इथे अंत्यविधीला दोन-तीन आठवडे लागतात, क्रिमेटोरियमची वेळ मिळावी लागते, कोणती गाणी वाजवायची ते आधी कळवावं लागतं. तिथे सगळं त्याच दिवशी, काही तासांत. चौघं खांदा देतात आणि दर थोड्या अंतरावर माणसं बदलतात, म्हणजे सगळ्यांना खांदा मिळतो. आबांच्या वेळी रांग लागली होती असं बापूकाका सांगतो. खांदा मिळावा म्हणून पुढे सरणं, हीच आमच्याकडची टाळी असावी. असावी म्हणते, कारण मी ती पाहिली नाही. मी पोहोचले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. आणि आधी पोहोचले असते तरी आमच्या घरच्या रीतीप्रमाणे बायका उंबऱ्यापर्यंतच. गॅफरची शवपेटी त्याच्या दोन्ही लेकींनी उचलली. ते बघून मला बरंही वाटलं आणि रागही आला. राग कुणावर, ते अजून नीट सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षाविसर्जन. त्याला मात्र मी होते. ऊन चढायच्या आत जायचं, राख पाण्यानं निववायची, अस्थी वेचायच्या. मग पान मांडायचं. त्यावर भात-वरण असतंच, पण मुख्य म्हणजे गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते सगळं. आबांच्या पानावर मिसळ, तिची तर्री वेगळ्या वाटीत, पाव, अर्धा कप चहा, तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. मग सगळ्यांनी पंधरा-वीस पावलं मागे सरायचं आणि कावळ्याची वाट बघायची. गर्दी जवळ राहिली तर तो येत नाही. त्या सकाळी आणखी पानं मांडलेली असली तरी येत नाही, पोट भरलेलं असतं. लोक म्हणतात गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, मग कुणीतरी मोठ्यानं त्याला शब्द देतो. बापूकाका म्हणाला, "आबा, हॉटेल बंद पडू देणार नाही." कावळा आला नाही. मागून तालमीतलं कुणीतरी म्हणालं, "आणि आपली टीमबी सोडणार नाही." तेव्हा शिवला. खूप वेळ गेल्यावरही शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, पण ते कुणालाच मनापासून नको असतं.

मी यावर विश्वास ठेवते का, हे तू पुढे विचारशीलच. त्या सकाळी ठेवला. एरवी नाही म्हणता येणार.

पबमध्ये तू पाहिलंस ना, गॅफरच्या स्टुलावर निळा-पांढरा स्कार्फ आणि समोर त्याचा कानाचा मग, काठोकाठ माइल्ड बिअरनं भरलेला? रात्रभर कुणी हात लावला नाही. सगळ्यांनी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हटलं, जे अल्बियनच्या हॉथॉर्न्स मैदानावर म्हणतात. दार लावायच्या वेळी त्याच्या बायकोनं तो मग मागच्या अंगणात मातीत ओतला. तू मला विचारलंस, कुणी प्यायलं का नाही, वाया गेलं ना? मला तेव्हा तर्रीची वाटी आठवत होती, म्हणून उत्तर दिलं नाही.

आबांसाठी तुला टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजव. ते ७८ वर्षांचे होते, म्हणजे ७७:०० ला सुरुवात. मी शेजारीच असेन. माझे हात उठतील की नाही, सांगता येत नाही.

भाद्रपदातल्या अमावास्येला, सर्वपित्रीला, मी मागच्या अंगणात पान मांडते ते तू पाहिलंयस. त्या दिवशी घरातल्याच माणसांसाठी मांडायचं असं नसतं, मित्र, शेजारी, गुरू सगळे चालतात. यंदा एका लहान पेल्यात माइल्ड ठेवावी म्हणते. तुला पटत नसेल तर सांग, आणि गॅफरला आणखी काय आवडायचं तेही तू सांग, शेवटची काही वर्षं तूच त्याच्याशी जास्त बोलायचीस. इकडचे कावळे आपल्या पेठेतल्या कावळ्यांपेक्षा बुजरे असतात. पान ठेवलं की दार लावून आत यायचं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहायचं नाही. पडदा हलला तरी ते उडून जातात.

आई