नवीन गाडी घेताना शोरूमवाल्याशी भाव कसा करायचा? तो म्हणतो १० हजारांच्या पुढे सूट नाही

तुमचा प्रश्न वाचला. नाशिकला पहिली गाडी घेताय, ऑन-रोड, म्हणजे सगळे खर्च धरून, साडेनऊ लाखांच्या आत बसवायचीय, आणि सेल्सवाला १० हजारांवर अडून बसलाय. माझं ऐकाल तर "डिस्काउंट किती देणार" हा प्रश्नच आता त्याला विचारू नका. त्या एका आकड्यावर आपण तास-तास घासाघीस करतो आणि खरे पैसे बाकीच्या ओळींमधून निघून जातात.

हे मला कसं कळलं ते सांगतो. २०१४ ला माझी पहिली गाडी घेतली तेव्हा सगळं बोलणं अण्णांनी केलं, बाजारात त्यांच्यापुढे कुणी टिकत नाही अशी त्यांची ख्याती. दोन तास बसून त्यांनी ५ हजार कमी करून घेतले, येताना पेढे घेऊन आलो, सगळे खुश. दोन महिन्यांनी ऑफिसातल्या एकाने तीच गाडी, तेच मॉडेल घेतलं आणि त्याचा इन्शुरन्स माझ्यापेक्षा ११ हजारांनी कमी बसला, कारण त्याने तो बाहेरून काढला होता. बाहेरून काढता येतो हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. अण्णांना मी ते आजपर्यंत सांगितलेलं नाही.

म्हणून २०२४ ला दुसरी गाडी घेताना ठरवलंच होतं की आधी छापील कोटेशन हातात घ्यायचं, प्रत्येक खर्चाची वेगळी ओळ असलेलं, मगच तोंड उघडायचं. सेल्सवाला पोरगा व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता "ऑन-रोड ९.७०" पाठवत होता, मी म्हटलं दादा असं नको, ब्रेकअप दे. तीनदा मागितल्यावर मिळालं. एक्स-शोरूम (म्हणजे नुसत्या गाडीची किंमत) ७,९०,०००, आरटीओ १,०१,५००, इन्शुरन्स ४६,२००, अ‍ॅक्सेसरीज २४,९००, एक्स्टेंडेड वॉरंटी १४,०००, हँडलिंग चार्जेस ८,५००, फास्टॅग ८००, आणि खाली मोठ्या अक्षरात "स्पेशल डिस्काउंट १५,०००".

घरी टेबलावर तो कागद ठेवला आणि पेन घेऊन एकेक ओळ धरली. आरटीओचं गणित अवघड नाही, महाराष्ट्रात पेट्रोल गाडी १० लाखांपर्यंतची असेल आणि स्वतःच्या नावावर असेल तर एकरकमी टॅक्स ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्याच्या वर १३, आणि डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. ७,९०,००० चे ११ टक्के म्हणजे ८६,९००, त्यावर टॅक्सच्या २ टक्के रस्ता सुरक्षा सेस, मग रजिस्ट्रेशनचे ६००, स्मार्ट कार्डचे २००, कर्ज असेल तर गाडीच्या कागदावर बँकेचा बोजा चढवायचे १५००. सगळं मिळून ९१ हजारांच्या आत बसतं. मग वरचे साडेदहा हजार कशाचे? विचारल्यावर तो म्हणाला "एजंट, फाइल, तिथलं सगळं बघावं लागतं सर". मी एवढंच म्हटलं की जेवढ्याची सरकारी पावती तेवढे पैसे देतो. मॅनेजर आला, कागद बघितला, ओळ दुरुस्त झाली, वाद काहीच झाला नाही. तुम्हीही टॅक्सची ऑनलाइन पावती मागाच.

इन्शुरन्सवर सगळ्यात जास्त जोर लावा. नवीन कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) घ्यावाच लागतो, २०१८ पासून तसा नियम आहे, आणि त्याचा दर ठरलेला असल्यामुळे त्यात घासाघीस नाही. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग, म्हणजे ओन डॅमेज, तो एक वर्षाचा पुरतो आणि त्यात प्रत्येक कंपनीचा दर वेगळा. तो डीलरकडूनच घ्यायचा अशी सक्ती कुणालाच करता येत नाही. मी बाहेरून कोटेशन आणलं, झिरो डेप (पार्ट बदलताना घसारा न कापणारं कव्हर) सकट, आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तीच ठेवून (हे नक्की बघा, आयडीव्ही कमी दाखवून हप्ता कमी केलेला नको). माझ्या जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के झाला होता, तो आपल्या नावावर असतो, गाडीच्या नाही, त्यामुळे नव्या गाडीला लावता आला. डीलरच्या ४६,२०० मध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. बाहेर बसले २८,६००. तुमची पहिलीच कार आहे म्हणजे हा बोनस मिळणार नाही, बाइकचा कारला लागत नाही, तरी दोन-तीन ठिकाणचे आकडे आणलेत की फरक दिसेल. डीलर म्हणेल इन्शुरन्स बाहेरून घेतला तर कॅशलेस (दुरुस्तीचं बिल कंपनीने थेट गॅरेजला देणं) होणार नाही. त्या कंपनीच्या कॅशलेस गॅरेजच्या यादीत ते वर्कशॉप आहे का एवढं तपासा, असेल तर तो प्रश्न मिटला.

हँडलिंग चार्जेस ही ओळ पूर्ण काढायला लावा. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. "हे कशाचे, मला बिलावर लिहून द्या" एवढं शांतपणे म्हटलं की बहुतेक वेळा ती ओळ जाते, कारण लिहून द्यायला कुणी तयार नसतं. अ‍ॅक्सेसरीजच्या पॅकेजात मी मॅट आणि मडफ्लॅप ठेवले, ५,४०० चे, बाकी सीट कव्हर, कोटिंग, क्रोम सगळं काढलं, बाहेर ते बरंच स्वस्त होतं. वॉरंटी मी ठेवली, मला गाडी दहा वर्षं वापरायचीय, तुम्ही वाटलं तर नंतरही घेऊ शकता, मूळ वॉरंटी संपायच्या आत.

आणि मग शेवटी डिस्काउंट. तो १५ चा २८ हजार झाला. त्यामागे माझं बोलणं कमी आणि तारीख जास्त होती. तो पितृपंधरवडा होता. त्या दिवसांत शोरूम रिकामं असतं, आणि २०२४ ला तो २ ऑक्टोबरपर्यंत होता म्हणजे ३० सप्टेंबरची तिमाही अखेर नेमकी त्यातच आली. डीलरचं टार्गेट बुकिंगवर नाही, बिल फाटण्यावर मोजतात, हे त्या पोरानेच चहा पिताना सांगितलं. आई म्हणाली पितरांत गाडी घरात आणायची नाही म्हणजे नाही. मग बिल २८ सप्टेंबरला केलं, पासिंगला चार दिवस लागणारच होते, आणि गाडी ३ ऑक्टोबरला घटस्थापनेला आईच्या हातून नारळ फोडून घरी आली. उलट पाडव्याला, दसऱ्याला, धनत्रयोदशीला डिलिव्हरीची रांग असते, त्या आठवड्यात कुणी कशाला सोडेल.

सगळं मिळून ९,७०,९०० चे ९,०१,८०० झाले, म्हणजे ६९ हजार वाचले, आणि त्यात डिस्काउंट वाढवून मिळालेले फक्त १३ हजार आहेत. बाकीचे ५६ हजार त्या बाकीच्या ओळींतले.

जुनी गाडी एक्स्चेंजला देणारे कुणी हे वाचत असतील तर तो सौदा पूर्ण वेगळा ठेवा. मला शोरूममध्ये १ लाख ७० हजार अधिक २० हजार एक्स्चेंज बोनस सांगितला, शोरूमबाहेर, गावातल्याच एका माणसाने २ लाख १५ हजार दिले. कर्जाचंही तसंच, आधी आपल्या बँकेतून रेट लिहून आणा आणि डीलरचा रेट फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) आहे की रिड्युसिंग (उरलेल्या रकमेवरच व्याज) ते विचारा, फ्लॅट ८ टक्के ऐकायला कमी वाटतो पण रिड्युसिंगमध्ये तो १४ च्या आसपास जातो.

दोन डीलरकडची कोटेशनं जवळ असू द्या. मी सांगलीचा, कोल्हापूरहूनही एक आणलं होतं आणि ते टेबलावर नुसतं ठेवलं होतं. आवाज चढवायची गरज कुठेच पडली नाही. तो सेल्सवाला पोरगा पगारापेक्षा टार्गेटवर जगतो, त्याच्याशी नीट बोला, "तुमच्या हातात नसेल तर मॅनेजरना विचारून सांगा, मी थांबतो" म्हणा. "ऑफर आजच आहे" म्हटलं तरी उठून या, मला दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला होता.

तुमच्या बाबतीत अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झालाय, आधी तो सेस धरून २९ टक्के होता. त्यामुळे ओळखीच्या कुणाच्या जुन्या बिलाशी तुमचं कोटेशन जुळवत बसू नका, कंपनीच्या वेबसाइटवर आजची एक्स-शोरूम बघा.

बुकिंगचे पैसे द्यायच्या आधी ठरलेलं कोटेशन सही-शिक्क्यासह घ्या, त्यावर रंग, व्हेरियंट, डिलिव्हरीचा आठवडा आणि बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळणार हे लिहून घ्या. आणि पूर्ण पैसे भरायच्या आधी यार्डात जाऊन गाडी बघा, दिवसाउजेडी. चासी नंबर लिहून घ्या, उत्पादनाचा महिना-वर्ष विचारा, तो फॉर्म २१ वर (डीलर देतो ते विक्री प्रमाणपत्र) पण येतो. मला आधी दाखवलेली गाडी सात महिने जुनी निघाली, टायरवर धुळीचा थर आणि वायपरचं रबर कडक झालेलं. मी म्हटलं हीच द्यायची असेल तर भाव वेगळा, नाहीतर दुसरी दाखवा. त्यांनी दुसरी दाखवली, ऑगस्टची.

तुमच्या कोटेशनच्या ओळी इथे खाली लिहा, नाव-नंबर न टाकता. आज रात्री बसून बघतो.