कड्यावरची ‘के. बी.’ अक्षरे

प्रश्न : माझे दिवंगत चुलतसासरे सत्तरच्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात नोकरीस होते. तिकडून त्यांनी आणलेले, पिरोजा जडवलेले चांदीचे कडे आता माझ्याकडे आहे. ते नवाहो या तिकडच्या मूळनिवासी जमातीतील कारागिराने घडवल्याचे ते सांगत. आतल्या अंगाला ‘स्टर्लिंग’ हा शब्द आणि ‘के. बी.’ ही अक्षरे उठवलेली आहेत. माझा भाचा म्हणतो की हे काम केनेथ बिगे या नामवंत कारागिराचे आहे. जळगावच्या एका सराफाने मात्र वजन करून मोडीचा भाव सांगितला. नेमके काय समजावे?
— एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : घाई दोघांचीही झाली आहे. केनेथ बिगे (१९१३–१९७७) हे थोर कारागीर होते यात शंका नाही. परंतु ‘त्याचा मुलगा’ अशा अर्थाच्या नवाहो शब्दावरून आलेले बिगे हे आडनाव त्या समाजात आपल्याकडच्या पाटलांइतके सर्रास आढळते. ‘के. पी.’ एवढ्या अक्षरांवरून खानदेशात नेमका एक पाटील शोधून काढता येईल का, याचा भाच्याने विचार करावा.

‘स्टर्लिंग’ या शब्दावरून चांदी ९२.५ टक्के असल्याचे कळते, घडवणारा कोण ते नाही. नवाहोंनी ही कला एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन कारागिरांकडून उचलली आणि बराच काळ चांदीची नाणी आटवून दागिने घडवले. त्या जुन्या कामावर नाव नसेच. पुढे १९३८ पासून काही दागिन्यांवर ‘यू. एस. नवाहो’ असा सरकारी शिक्का पडू लागला, पण त्यातला आकडासुद्धा कारागिराचा नसून दुकानाचा किंवा शाळेचा असे. स्वतःची आद्याक्षरे उठवण्याची चाल त्यानंतरच्या काळात रुळली.

म्हणून अक्षरे बाजूला ठेवून आधी काम पाहावे. बिगे यांनी स्कॉट्सडेल येथील ‘व्हाइट होगन’ या दुकानासाठी बरेच काम केले. त्यांची चांदी जाड, नक्षी मोजकी आणि घडण अत्यंत स्वच्छ असते, तर काही दागिन्यांत आयर्नवुड नावाचे कठीण लाकूड बसवलेले दिसते. याहून भरवशाची खूण म्हणजे नक्षीचे ठसे. नवाहो कारागीर हे ठसे बहुधा जुन्या कानशी व भंगार लोखंडापासून स्वतःच घडवत. त्यामुळे एखाद्या ठशाची बोथट कड किंवा तुटका दात त्याच हाताच्या अनेक दागिन्यांत जसाच्या तसा उमटतो. आपल्या जुन्या सोनारांच्या ठशांचेही असेच असते. भिंगाखाली आपल्या कड्याचे ठसे, कोंदणाची कड आणि अक्षरांचे वळण यांची फोटो काढून फिनिक्सच्या हर्ड म्युझियमसारख्या संग्रहातील निश्चित कामाशी तुलना करावी. सभोवतालची चांदी काळवंडलेली आणि केवळ अक्षरांच्या खाचा लख्ख असतील, तर ती मागाहून उठवली असण्याचा संशय घ्यावा.

तोपर्यंत कडे मोडीत घालू नये, आणि चिंच, रिठा किंवा पावडर लावून ते उजळूही नये. खाचांतला काळेपणा हा पुरावा आहे. शिवाय पिरोजा सच्छिद्र असल्याने तेल व साबण शोषून रंग बदलतो. सासऱ्यांच्या जुन्या कागदपत्रांत खरेदीची पावती किंवा घरी धाडलेले पत्र सापडते का, ते मात्र आजच पाहावे. त्यावर दुकानाचे नाव निघाले, तर शोध निम्म्याने सोपा होईल.