निबंध तपासण्याचे तास

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात राहते, पुण्यातून इंग्रजीत एम.ए. केलंय. कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ इंग्रजी लेखन शिकवता येईल का? तपासणीला किती वेळ जातो?

उत्तर : वर्क परमिट असेल तर नक्की अर्ज करा. इंग्रजीतली एम.ए. तिथल्या किमान पात्रतेत बसते. भारतीय पदवीचं मूल्यांकन मात्र आधीच करून घ्या. एका कॉलेज-डिस्ट्रिक्टमध्ये (एकाच मंडळाखालच्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये मिळून) अर्धवेळ शिक्षकाला पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपर्यंतच अध्यापन देता येतं, म्हणून अनेकजण दोन ठिकाणी शिकवतात.

खरा वेळ तपासणी खाते. २५ विद्यार्थी, ४ निबंध, प्रत्येकी २० मिनिटं धरा : तेहतीस तासांहून जास्त, तेही कच्चे खर्डे सोडून. नवे शिक्षक प्रत्येक चूक लाल करतात. तसं करू नका. विद्यार्थी गोंधळतो आणि मुख्य दावाच अस्पष्ट आहे हे त्याला कळतच नाही. कच्च्या खर्ड्यावर फक्त दावा आणि पुरावा यांवर दोन शेरे द्या. व्याकरणाची वारंवार होणारी एकच चूक एका परिच्छेदात खुणावा, बाकीच्या त्याला शोधू द्या. सविस्तर शेरे ग्रेडच्या आधीच द्यावेत. ग्रेड हाती पडल्यावर पुनर्लेखन क्वचितच होतं.