संमतिपत्रावर सही कोणी घ्यायची? फिजिशियन असिस्टंट विद्यार्थ्यांची प्रश्नोत्तरे

फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारा प्रशिक्षित सहायक. या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांकडून त्याच त्या शंका वारंवार येतात आणि ‘आमच्या सीनियरने असे सांगितले’ हे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात असते. म्हणून काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : रुग्ण मला ‘डॉक्टर’ म्हणतात. प्रत्येक वेळी दुरुस्ती करावी का?

होय, प्रत्येक वेळी. आणि ओळखपत्र ॲप्रनच्या खिशात न ठेवता छातीवर लावावे.

प्रश्न : पदवीनंतर स्वतःचे क्लिनिक टाकता येते, असे एका संस्थेच्या माहितीपत्रकात छापले आहे. ते खरे आहे का?

नाही. ही शुद्ध दिशाभूल आहे. भारतात हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाला, तोच मुळी शल्यचिकित्सकांच्या हाताखाली काम करणारी प्रशिक्षित माणसे मिळावीत म्हणून. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याने या व्यवसायाला आपल्या यादीत स्थान दिले, त्याचा अर्थ स्वतंत्र प्रॅक्टिसचा परवाना मिळाला असा होत नाही. नोंदणीकृत डॉक्टर नसताना वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फी भरण्यापूर्वी संलग्नतेचे पत्र मागावे आणि त्याची खातरजमा संस्थेच्या कार्यालयात न करता थेट विद्यापीठाकडे करावी.

प्रश्न : सर सकाळीच कोऱ्या प्रिस्क्रिप्शनवर सह्या करून जातात. त्यावर नेहमीची औषधे लिहिली तर चालेल का?

चालणार नाही. डॉक्टरांनी सांगितलेले तुम्ही लिहावे, त्यांनी ते वाचावे आणि मग सही करावी. हे सरांना सांगणे अवघड वाटत असेल, तर विभागप्रमुखांशी बोलावे.

प्रश्न : उद्याच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही आणायला मला पाठवतात. नातेवाईक सही करतात, साक्षीदार म्हणून मी करते. यात काही चूक आहे का?

चूक एक नाही. बहुतेक वॉर्डांत मी हेच पाहतो : कागद इंग्रजीत, शस्त्रक्रियेच्या नावाची ओळ कोरी, फुलीची खूण केलेल्या तीन जागा आणि ‘इथे, इथे आणि इथे’ एवढेच स्पष्टीकरण, कधी तर रुग्णाला झोपेचे इंजेक्शन देऊन झाल्यावर कोणाला तरी सहीची आठवण होते. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाच्या शस्त्रक्रियेला संमती फक्त तो रुग्णच देऊ शकतो. पती, मुलगा किंवा गावाहून आलेले काका नव्हेत. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात, केवळ तपासणीच्या लॅप्रोस्कोपीसाठी (पोटात दुर्बीण घालून पाहण्यासाठी) भूल दिलेल्या महिलेचे गर्भाशय आणि बीजांडकोश बाहेर थांबलेल्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. रुग्ण सज्ञान होती, तिच्या शुद्धीवर येण्याची वाट पाहता आली असती आणि जीव वाचवण्यासाठी ते तातडीने करणे आवश्यक नव्हते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आईची ती संमती अग्राह्य ठरवली. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, मोठे धोके, उपलब्ध पर्याय आणि नकार दिल्यास काय होईल, हे रुग्णाला कळणे म्हणजे संमती, आणि ते समजावण्याची जबाबदारी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची आहे, तुमची नव्हे. तुम्ही मराठीत समजावायला मदत करू शकता, ‘तुम्हाला काय समजले ते मला सांगा’ असे रुग्णाला विचारू शकता आणि उत्तर डळमळीत आले तर डॉक्टरांना परत बोलावू शकता. नव्हे, बोलावलेच पाहिजे. साक्षीदाराची सही तर जे तुमच्या डोळ्यांसमोर घडले त्याचीच असते. रुग्ण अल्पवयीन असेल, बेशुद्ध असेल किंवा खरोखरच तातडी असेल, तर नियम वेगळे आहेत. अशा वेळी स्वतः अर्थ न लावता वरिष्ठ डॉक्टरांना विचारावे. ‘फॉर्मॅलिटी आहे हो, करून टाका’ हे वाक्य मात्र तुमच्या तोंडून कधीही निघू नये.

प्रश्न : कॅन्सर झाल्याचे आजोबांना सांगू नका, अशी घरच्यांची विनंती आहे. आजोबा मलाच विचारतात. काय करावे?

खोटे बोलू नये आणि निदानही स्वतः सांगू नये. ‘तुमचा प्रश्न मी डॉक्टरांपर्यंत आजच पोहोचवते’ असे म्हणावे आणि खरोखर आजच पोहोचवावे. आपल्याला किती जाणून घ्यायचे आहे हे आजोबांनी ठरवायचे आहे, आणि ते त्यांना विचारण्याचे काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे आहे.

प्रश्न : औषधाच्या मात्रेची नोंद चुकीची झाल्याचे रात्री लक्षात आले. सकाळच्या राउंडला सांगितले तर चालेल का?

नाही, त्याच क्षणी सांगावे. सकाळपर्यंत त्या नोंदीवरून आणखी एक मात्रा दिली जाऊ शकते. आधी ड्यूटीवरील नर्स आणि डॉक्टर यांना कळवावे, रुग्णाची तपासणी होऊ द्यावी आणि नंतरच कागदाला हात लावावा : चुकीची ओळ वाचता येईल अशी एका रेघेने खोडून, शेजारी बरोबर मात्रा, वेळ, तारीख आणि सही. व्हाइटनर फायलीजवळ आणू नये.